खाडीचं पाणी आणि आबांचा माळ

गगनबावडा

गगनबावड्याच्या अलीकडे धुकं इतकं दाट झालं, की पुढच्या एसटीचे लाल दिवेही दिसेनात. मी गाडी रस्त्याकडेला घेतली. शेजारी आबा बसले होते. त्यांच्या पायांशी गुळाची ढेप, मांडीवर पेढ्यांचा डबा. बराच वेळ ते काचेतून बाहेर बघत राहिले. बाहेर दिसण्यासारखं काहीच नव्हतं. मग म्हणाले, "मासं खायला चाललोय न्हवं आपण?"

"व्हय की."

"मग मागच्या त्या फाइलीत काय, बांगडं हाईत?"

फाइल मी वर्तमानपत्राखाली झाकून ठेवली होती.

"माळ मागायचा हाय तर सरळ माग की रं. कोकणात न्हेऊन मागितला म्हंजे काय त्याला नारळ लागणार हाईत?"

माझा बेत असा घाटमाथ्यावरच उघडा पडला. खरं तर मला हलकंच वाटलं. खोटं बोलून माणसाला गाडीत घातलं, हे कोल्हापूर सोडल्यापासून टोचत होतं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलत भाऊ. आमचं गाव पंचगंगेच्या काठावर. माझं औषधांचं दुकान कोल्हापूर शहरात, राजारामपुरीत आहे आणि दुकानावर दोन खोल्या. गावात पाणी शिरायला लागलं की मी बायकोला घेऊन त्या खोल्यांत जातो. आबा गावात राहतात. गेल्या मोठ्या पुरात वहिनींना त्यांनी बोटीत बसवलं आणि स्वतः म्हशींबरोबर स्लॅबवर राहिले. मी दुकानातून फोन करायचो, बरं आहे का विचारायचो. "बरं हाय," एवढंच म्हणायचे. मग फोन लागेनासा झाला. खिडकीखाली क्लासला आलेली पोरं वडापाव खात उभी असायची, रिक्षा चालू, दिवे चालू, आणि मी पूर्ण कोरडा. गावातलं कुणी मला कधी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

पाणी उतरल्यावर मी ग्रामपंचायतीच्या आपत्ती समितीत गेलो. लोकांना वाटलं, हौस आहे. समितीत गेल्यावर कळलं, की पूर आल्यावर वाटायचा सरकारी पैसा वेगळा आणि पूर यायच्या आधीच खर्च करायचा वेगळा. या दुसऱ्याला आपत्ती सौम्यीकरण निधी म्हणतात. तहसील कार्यालयातल्या एका बाईंनी मला दोनतीनदा, जराही न कंटाळता, सगळं समजावलं. गावानं आराखडा करायचा, पूररेषेच्या वरची, वाद नसलेली जागा दाखवायची, मग निवाऱ्याच्या इमारतीचा प्रस्ताव पुढे जातो. आमचं गायरान पूररेषेच्या आत. गावात उंचावर आहे तो एकच तुकडा, आबांचा माळ. प्रस्ताव दसऱ्यानंतर जायचा होता आणि आबा नाही म्हणत होते. माळ द्यायला नाही, आणि पुढच्या पुरात घर सोडायलाही नाही. मला दोन्हींची काळजी होती, दुसऱ्याची जास्त.

"सौम्यीकरण म्हंजे काय रं?" धुक्यात आबांनी विचारलं.

"पूर आला तरी हाल कमी व्हावेत, म्हणून आधीच करून ठेवलेली तयारी."

"मला वाटलं, पाणीच सौम्य करत्यात. जहाल यायचं ते मवाळ यील."

धुकं हललं. आबांनी डब्यातला एक पेढा काढून तोंडात टाकला, एक मला दिला. "चल. बघू तुझी विहीण काय दावती. पण आदीच सांगून ठेवतो, माळ मिळायचा न्हाय."

घाटात एका वळणावर दरडीची माती रस्त्यावर आली होती. ती बाजूला करणारी माणसं पाठीवर प्लॅस्टिकचे कागद बांधून पावसात उभी होती. त्यांच्यातल्या एकानं लाल फडकं हलवून आम्हाला थांबवलं आणि मग स्वतः पुढे चालत, दरीकडची बाजू दाखवत आम्हाला त्या चिखलातून पार करून दिलं. मी काच खाली करून आभार मानले. तो म्हणाला, "आभार ऱ्हावू देत, ब्रेक बघा." आबांना तो माणूस फार आवडला.

खाडीकाठ

माझी मुलगी कोकणात दिली आहे. ती आणि जावई नोकरीमुळे पुण्यात असतात. तिचे सासू-सासरे देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात. व्याही एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, बोलायला कमी. विहीणबाई तिथल्या गावच्या आपत्ती समितीत. किनाऱ्यावरच्या गावांना चक्रीवादळापासून वाचवण्यासाठी जो सरकारी निधी आला, त्यातून त्यांच्या गावाला निवारा मिळाला, विजेच्या तारा जमिनीखालून गेल्या, भोंगा बसला. हे सगळं आबांनी डोळ्यांनी बघावं, एवढाच माझा बेत होता.

तरी मुलीच्या सासरी काम काढून जायचं, याचं दडपण होतंच. माझ्या बहिणीला पहिलं मूल होईपर्यंत माझी आई तिच्या घरी पाण्याचा घोटही घेत नसे. मी तर दोन दिवस राहायला निघालो होतो. म्हणून गुळाची ढेप एवढी मोठी घेतली होती.

व्याही खळ्याच्या तोंडाशी उभे होते. घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला तिथे खळं म्हणतात. "येवा, येवा. वाट गावली मां? गाडी तेवढी वर घालवा."

वर न्यायची म्हणजे चढावर मागे मागे घ्यावी लागणार होती, आणि ते मला नीट जमत नाही. मी "हो, हो" म्हणालो आणि गाडी खालीच, खाडीच्या बाजूला, माडाच्या सावलीत उभी केली.

"रामराम पावणं," आबांचा आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत गेला असणार. कोकणातली माणसं हळू बोलतात. आम्ही दोघं घरात शिरल्यावर तिथे जणू बाजार भरला. विहीणबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, कोऱ्या चहाबरोबर गूळ दिला, आमचाच, लगेच फोडून. मग त्या चुलीकडे गेल्या आणि व्याही परसात नारळ सोलायला. पडवीत आम्ही दोघंच उरलो.

अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस होता, म्हणजे पौर्णिमा. ऊन स्वच्छ पडलं होतं. समोर खाडी, अलीकडे चिखलाचा पट्टा, त्यात कांदळाची झाडं. ही झाडंही आता मुद्दाम लावतात, लाटांचा जोर अडवायला. मी आबांना ते सांगत होतो. आबा ऐकत नव्हते.

"त्यो दगुड बघ," ते म्हणाले.

"कुठला?"

"मगाशी उघडा हुता."

आमच्याकडची सवय ही. पावसाळ्यात नदीवर गेलं की प्रत्येक जण एखादी पायरी, एखादा दगड डोळ्यात धरून ठेवतो. पाणी किती चढलं ते त्यावरून. मीही बघायला लागलो. दगड गेला. मग चिखलाचा पट्टा गेला. वर आभाळात ढग नाही, पावसाचा थेंब नाही, आणि पाणी चढतंय.

"आन् ही उलटं येतंय की रं!" आबा उठून उभे राहिले. पाणी खरोखरच खालून वर, डोंगराच्या दिशेनं वाहत होतं. नदीकाठच्या माणसानं असं कधी बघितलेलं नसतं. "दरवाजं उघडलं काय कुणी? हितं कुठलं धरान हाय?"

आणि मग पाणी माडांच्या बुंध्यांशी आलं.

यानंतर आम्ही दोघांनी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी धावलो माझ्या गाडीकडे. आबा धावले गोठ्याकडे. मी चाकं भिजायच्या आत गाडी चालू करण्याच्या नादात किल्ली चिखलात पाडली आणि गुडघ्यावर बसून ती शोधत राहिलो. तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला, "हो! हो! चला भाईर!" दोन तांबड्या, आमच्या म्हशींच्या निम्म्या उंचीच्या गाई माझ्या शेजारून गेल्या. दुसऱ्याच्या गाई, दुसऱ्याचा गोठा. त्यांच्या मागे आबा, दोन्ही हातांत सोडलेली दावी. "विहीणबाई, भाईर या! पाणी आलं! पावण्यास्नी हाक मारा!"

विहीणबाई हातात पळी घेऊन बाहेर आल्या. व्याही अर्धा सोललेला नारळ घेऊन आले. दोघांनी खाडीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"भरती ती," व्याही म्हणाले.

"काय?"

"भरती, आबा," विहीणबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण व्याह्यांचा भाऊ म्हणून त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "आज पुनव ना, म्हणून जरा जास्त आहे. आमचं उधाणाचं पाणी. जेवणं होईपर्यंत उतरायला लागेल."

"उतरंल? आपल्याआप?"

"आपोआप. रोज येता, रोज जाता," व्याही म्हणाले.

"रोज पूर?" आबांनी दावी खाली टाकली आणि खळ्याच्या कठड्यावर बसले. "नशीबवान हाईसा पावणं. आमच्यात पाणी म्हंजे भाडेकरू. एकदा घुसलं की निघता निघत न्हाय."

आता मात्र विहीणबाईंनी पदर सोडला आणि पायरीवर बसून पोट धरून हसल्या. व्याहीही हसले. मग आबा, सगळ्यांत मोठ्यानं. मी चिखलातली किल्ली हातात धरून उभा होतो. मला कुणी विचारलं नाही की तुम्ही कुठे धावला होतात. हे त्यांचं मोठेपण. रात्री मी ते आपण होऊन विहीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बघितलं होतं. गाडी नवी आहे ना?" बस्स, एवढंच. मला गाडी सहा वर्षांची आहे हे सांगायचाही धीर झाला नाही.

हसणं थांबल्यावर विहीणबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. "पण गुरं खय गेली?"

वयलं घर

आबांचा चेहरा उतरला. "पोरीच्या सासरी यिऊन गाई सोडल्या," ते मला म्हणाले. "तुझी आई वर बसून काय म्हणत असंल."

पण व्याही निवांत होते. "वयल्या घराक गेली असतली. चला." वयलं म्हणजे वरचं. त्यांचं वर आणखी एक घर आहे हे मला ठाऊक नव्हतं.

घरामागून जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट चढत जाते. पाखाडी म्हणतात तिला. वर पोचलो तर मोकळा सडा, म्हणजे कातळाचं पठार, त्यावर कापलेल्या लॉनसारखं गवत आणि निळी-पिवळी बारीक फुलं. मधे खांबांवर उभी, पिवळ्या रंगाची सरकारी इमारत. तिच्या एका अंगाला पायऱ्या, दुसऱ्या अंगाला लांबलचक उतार. त्या उताराच्या वरच्या टोकाला, व्हरांड्यात, दोन्ही गाई रवंथ करत उभ्या होत्या.

मी ज्यासाठी आबांना फसवून आणलं होतं ती इमारत ही. दाखवायच्या आधी गाईंनीच दाखवली.

"ह्या हितं कशा आल्या?" आबांनी विचारलं.

"दरवर्षी पावसाआधी भोंगा वाजवून सगळ्या गावाची रंगीत तालीम करतो," विहीणबाई म्हणाल्या. "माणसं गुरं घेऊन वर येतात. गुरांना इथे आल्यावर पेंड मिळते. माणसं टाळाटाळ करतात हो, 'पुढच्या वर्षी येतो' म्हणतात. गुरांचं पाठ झालंय. कुणी सोडलं की सरळ इकडे."

"आन् पेंड न्हाय म्हणून आता रुसून उभ्या हाईत." आबा उतारावरून वर गेले. सावकाश, पाऊल मोजत नाही पण अंदाज घेत. वर गेल्यावर वळून मला म्हणाले, "म्हस चढंल ह्याच्यावरनं. जरा रुंद पायजे."

तो उतार चाकाच्या खुर्चीसाठी आहे, सरकारी नियमातच असतो, असं विहीणबाईंनी सांगितलं. ते ऐकून मी मनात शरमलो. आमच्या गावाच्या कच्च्या आराखड्यात मी पायऱ्याच काढल्या होत्या. सरकारनं आधीच दिलेलं मी वाचलंही नव्हतं. आबा म्हणाले, "मग सरकार शाणं हाय की! तूच येडा."

इमारत खांबांवर का, असं मी विचारलं. विहीणबाई हसल्या. नकाशा सगळ्या किनाऱ्यासाठी एकच आला होता, सखल गावांसाठी केलेला. सड्यावर पाणी कुठून येणार? गावानं तेव्हा खूप चेष्टा केली. मग वादळाच्या दिवसांत खांबांमधल्या जागेत गुरं बांधली गेली, आंब्याच्या दिवसांत पेट्या भरल्या गेल्या, आणि आता लग्नाच्या पंगतीही तिथेच बसतात. चेष्टा करणारेच आधी तारीख धरतात.

"पण 'वयलं घर' कोण म्हणालं हिला?" मी विचारलं. भिंतीवर तर 'बहुउद्देशीय निवारा केंद्र' असं लिहिलं होतं.

"कुणी असं ठरवून नाही. 'निवाऱ्यात चला' म्हटलं की म्हातारी माणसं ऐकत नाहीत. आम्हाला काय घर नाही का, म्हणतात. 'वयल्या घराक चला' म्हटलं की उठतात."

आत मोठी खोली, पंखे, सौरदिव्यांची बॅटरी. कोपऱ्यातल्या फळ्यांवर पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर रंगानं घराचं नाव. आबांनी एकाचं झाकण उघडलं. विचारलं नाही, उघडलं. आत तांदूळ.

"दिवाळीनंतर नवा तांदूळ झाला की प्रत्येक घर आपला डबा भरतं, जुना घरी नेतं," विहीणबाई म्हणाल्या. "वादळात रस्त्यावर झाडं पडतात. सरकारी ट्रक यायला वेळ लागतो. येतो, येतो नक्की. पण तोवर पोटाला काहीतरी हवं ना? म्हणून आपापला शिधा आधीच वर."

"म्हंजे हितं आल्यावर आपलंच खायाचं."

"आपलंच."

आबा डब्यातल्या तांदळात बोटं घालून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या आदीच्या पुराला आमी साळंत गेलतो बघ. तू औषधं घिऊन आलतास."

मला आठवत होतं.

"कुणीतरी खिचडीचं पाकीट हातात दिलं. चांगली माणसं हुती, ओळख ना पाळख, एवढ्या पाण्यातनं आलती. मी घ्याय हात फुडं केला, तर म्हणाली, आबा, जरा असंच थांबा. आन् फोटू काढला. पाकिटाचं एक टोक त्यांच्या हातात, एक माज्या. आरं, माज्या दारातनं कोण पावणं उपाशी गेलंय कधी? तवाच ठरवलं. पुन्यांदा बुडलो तरी स्लॅबवरच."

इतकी वर्षं मला वाटत होतं, म्हशींसाठी ते राहतात. सगळ्या गावाला तसंच वाटत होतं. त्यांनीही वाटू दिलं होतं.

विहीणबाईंनी त्यांना काही समजावलं नाही. "आबा, झाकण नीट लावा हां," एवढंच म्हणाल्या, "नाहीतर पोरकिडे होतात." आणि गाईंना हाकत उतारावरून निघाल्या. याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी राहीन. त्यांच्या जागी मी असतो तर भाषण केलं असतं.

पंगत आणि बांध

खाली उतरलो तेव्हा पाणी खरंच मागे सरकलं होतं. माडांच्या बुंध्यांवर आणि माझ्या गाडीच्या चाकांवर ओली रेघ तेवढी होती. आबा तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

जेवायला बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. आबांनी गुलाबी सोलकढीची वाटी उजेडात धरली. "विहीणबाई, तुमी तांबडा आन् पांढरा रस्सा एकातच मिसळला की!"

"आमच्याकडे दोन भांडी घासायला कंटाळा करतात," विहीणबाई म्हणाल्या.

आबा पाच वाट्या प्यायले. मुलीच्या सासरी जेवताना मला पहिला घास जड जातो. विहीणबाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्या ताटात आमच्या गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "हे तुमचंच आहे, हे तरी खा." मग सगळंच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही आम्हाला खारबांधावर घेऊन गेले. खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा लांब बांध. मधे फुटला होता, सरकारी पैशातून तो पुन्हा बांधला. त्यात लाकडी झडपांची एक मोरी आहे, तिला उघाडी म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि शेतातलं पाणी खळखळत निघालं होतं. आबा बांधावर उकिडवे बसून ते बघत राहिले. आमच्याकडे लोक पूर बघायला जातात, पोराबाळांना घेऊन, पुलावर उभे राहून कणसं खात. जाणारं पाणी बघायला कुणी थांबत नाही. तेव्हा सगळे खराटे घेऊन घरातला चिखल काढत असतात.

"पावणं, ही झडप कोण मिटतंय?" आबांनी विचारलं.

"कोण नाय. आपसूक."

"पगार न्हाय, रजा न्हाय." आबांनी मान हलवली.

निघताना आबांनी गोठ्यात जाऊन दोन्ही गाईंच्या पाठीवर हात फिरवला. व्याह्यांनी गाडीत नारळ, कोकमं आणि उकड्या तांदळाची पिशवी भरली. मी नको नको म्हणत राहिलो. "तुमी गपा," व्याही म्हणाले. दोन दिवसांत ते माझ्याशी इतक्या ठामपणे पहिल्यांदाच बोलले. मग त्यांनी स्वतः माझी गाडी मागे मागे घेत चढावर आणून दिली.

माळ

परतीला आबा घाटभर झोपले. सावध झोप, मधे मधे डोळे उघडून "कुठवर आलो?" विचारणारी. गाव जवळ आलं तसे सावरून बसले आणि म्हणाले, "घरला नगं. माळावर घे."

संध्याकाळचं ऊन होतं. माळावरून खाली नदीचं वळण, ऊस, गावातली घरं दिसत होती. पाणी पात्रात होतं, शहाण्यासारखं. आबांनी चपला काढल्या आणि हातात धरून माळ फिरले. एका ठिकाणी थांबले. "उतार ह्या अंगानं सोडायचा. गल्लीतनं म्हशी सरळ येतील. रुंदी दोन म्हशींची. एक आडली तर दुसरी जायला पायजे."

"आबा, म्हणजे..."

"आन् खिचडी येऊ दे की, देणाऱ्याला न्हाय म्हणायचं न्हाय. पर पयल्या दिवशी ज्याचं त्यानं खायाचं. डबं आदीच वर. ते लिव्ह तुझ्या फाइलीत."

मी हो म्हणालो. मला वाटलं झालं, पण आबांनी चपला पायात घातल्या नाहीत.

"आजून एक हाय."

"सांगा."

"पाणी आलं की तू बी वर यायचं. मंडळीस्नी घिऊन. राजारामपुरीत न्हाय."

"मला तिकडे खोल्या आहेत, आबा. मी इथे आलो तर उगाच कुणाचीतरी जागा अडेल."

"आडू दे. तिकडनं फोन करून इचारत बसतोस, बरं हाय का, बरं हाय का. काय सांगायचं रं तुला? शेजारी बसून बघ की एकदा, बरं हाय का न्हाय ते."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला अर्ध्यातच धरलं. "चिखुल हाय," म्हणाले.

माळाचं बक्षीसपत्र झालं. प्रस्ताव दसऱ्यानंतर गेला. तहसीलमधल्या त्या बाईंनी नकाशातला उतार पाहिला, एवढा रुंद कशाला म्हणून विचारलं, आणि कारण ऐकल्यावर स्वतः लाल पेनानं त्याच्याखाली रेघ ओढली, म्हणजे वरच्यांनी कापायला नको. मंजुरी कधी येईल, किती येईल, मला सांगता येत नाही. पुढचा पावसाळा त्याच्या आधी येईल असंच दिसतं. आबा म्हणतात, तोवर माळावर पत्रे घालू.

बायकोला हे सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाऊ की. फक्त म्हशींपासून लांबचा कोपरा बघा आपल्याला."

मी आबांना निरोप दिला.

"कोपरा मिळंल," आबा म्हणाले. "लांबचा न्हाय."